डेकच्या फळ्या बदलायच्या की अख्खा डेक? आधी खाली वाकून बघा

मध्य न्यू जर्सीत आम्ही घर घेतलं तेव्हा स्वयंपाकघर नीट बघितलं, बेसमेंटमध्ये पाणी येतं का ते विचारलं, शाळा आणि ट्रेनचं स्टेशन किती लांब आहे ते मोजलं. मागच्या दारचा डेक, म्हणजे घराला जोडलेला उघडा लाकडी ओटा, मात्र "छान आहे, संध्याकाळी चहा घेत बसता येईल" एवढं म्हणून सोडून दिला. बारा बाय सोळा फुटांचा, जमिनीपासून साधारण पाच फूट उंच, उन्हापावसाने करडा पडलेला लाकडी डेक.

तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरमध्ये, थंडी पडायच्या आत तुळशीची कुंडी घरात घ्यायला उचलली, तर खालच्या फळीवर काळं, ओलं वर्तुळ. अंगठ्याने दाबलं तर लाकूड चहात बुडवलेल्या खारीसारखं आत गेलं. दोन कॉन्ट्रॅक्टर बोलावले. पहिला म्हणाला, "फळ्या बदलून टाकू, चार दिवसांचं काम." दुसरा म्हणाला, "सगळं पाडून नवीन करा." दोघांच्या आकड्यांत दुपटीचा फरक, आणि दोघांपैकी एकानेही डेकच्या खाली जाऊन बघितलं नव्हतं.

त्यानंतरचे सहा महिने मी या विषयात बुडालेली होते. जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे, कारण आपल्यापैकी खूप जणांनी वीस-पंचवीस वर्षं जुनी घरं घेतली आहेत आणि लाकडी डेक ही गोष्ट आपण इथे येण्याआधी वापरलेली नसते. फळ्या डोळ्यांना दिसतात, पण माणसांचं वजन खालचा सांगाडा पेलतो. म्हणून निर्णय खालून वर करायचा. माझे संदर्भ न्यू जर्सीचे आहेत. दुसऱ्या राज्यात असाल तर परवान्याचे नियम तिथले बघा. लाकूड तपासायची रीत सगळीकडे तीच.

आधी शब्द समजून घ्या

रिसरफेसिंग म्हणजे वरच्या फळ्या आणि बहुतेक वेळा कठडा काढून नवा बसवायचा, खालचा सांगाडा तोच ठेवायचा. रिप्लेसमेंट म्हणजे जमिनीतल्या पायापासून सगळं नवं. काही जण जुन्या फळ्यांवर जाड लेप थापण्यालाही रिसरफेसिंग म्हणतात. त्या वाटेला जाऊ नका. कुजायला लागलेल्या लाकडावर जाड थर दिला की आतली ओल आतच कोंडते, दोन-तीन हिवाळ्यांत पापुद्रे निघतात आणि खालचं लाकूड आणखी लवकर जातं.

सांगाड्याचे भाग असे. घराच्या भिंतीला समांतर ठोकलेली जाड फळी म्हणजे लेजर. लेजरपासून बाहेरच्या दिशेला जाणाऱ्या, एकमेकींना समांतर अशा तुळया म्हणजे जॉईस्ट. त्यांना दुसऱ्या टोकाला तोलून धरणारी मोठी तुळई म्हणजे बीम. बीमखाली खांब, खांबाखाली काँक्रीटचा पाया, म्हणजे फुटिंग. जॉईस्ट लेजरला ज्या लोखंडी खोबणीत बसतात ते हँगर. आणि लेजरच्या वरून पाणी बाहेर वळवणारी पत्र्याची किंवा प्लास्टिकची पट्टी म्हणजे फ्लॅशिंग. एवढे शब्द आले की कॉन्ट्रॅक्टरशी बरोबरीने बोलता येतं.

जवळ काय हवं

हत्यारं साधी आहेत: दाभण किंवा टोकदार स्क्रूड्रायव्हर, चांगला टॉर्च, मोजपट्टी, लेव्हल, हातोडी, फळी उचकटायला पहार, मोबाईलचा कॅमेरा आणि मळले तरी चालतील असे कपडे. लाकडातली ओल मोजायचं छोटं मीटर मिळालं तर उत्तम. हार्डवेअरच्या कोणत्याही मोठ्या दुकानात असतं.

कागद हे काढून ठेवा:

- घर घेतानाचा प्लॉटचा सर्व्हे (क्लोजिंगच्या, म्हणजे घराचा व्यवहार पूर्ण झाला तेव्हाच्या, फायलीत असतो)
- घर घेतानाचा होम इन्स्पेक्शन रिपोर्ट
- डेकचं जुनं परमिट असल्यास त्याची प्रत
- एचओए (वसाहतीतल्या घरमालकांची संघटना) असल्यास त्यांची नियमावली
- डेकचे आजचे फोटो, वरून आणि खालून, तारखेसकट

१. डेकचं वय शोधा

घराचं वय आणि डेकचं वय एकच असेल असं नाही. टाउनशिपच्या बांधकाम खात्यात आपल्या पत्त्यावरची जुनी परमिटं मागता येतात. न्यू जर्सीत यासाठी ओप्रा नावाचा सार्वजनिक नोंदींचा कायदा आहे. टाउनशिपच्या वेबसाइटवर अर्ज असतो. आमच्या अर्जाचं उत्तर आठवड्याभरात आलं. त्यातून दोन गोष्टी कळल्या: डेक १९९८ सालचा आहे, आणि तेव्हा परमिट काढलं होतं तरी शेवटची तपासणी झाल्याची नोंद नाही.

वर्ष कळायला हवं त्याचं आणखी एक मोठं कारण आहे. जमिनीच्या ओलीत आणि वाळवीत टिकावं म्हणून या लाकडात दाबाखाली रसायन भरलेलं असतं. २००३ च्या शेवटापर्यंत घरगुती डेकसाठी सर्रास वापरलं जाणारं रसायन होतं सीसीए. त्यात क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक. २००४ पासून घरगुती वापरासाठी ते बंद झालं आणि तांब्यावर आधारलेली, आर्सेनिक नसलेली रसायनं आली. म्हणजे डेक त्याआधीचा असेल तर लाकडात आर्सेनिक आहे असंच धरून चाला. त्यावर पॉलिश मशीन फिरवून भुसा उडवू नका, हातमोजे आणि मास्क वापरा, लहान मुलांना त्यावर खेळून आल्यावर हात धुवायला लावा. काढलेल्या फळ्या फायर पिटमध्ये किंवा शेकोटीत अजिबात जाळू नका. धूर आणि राख दोन्ही विषारी.

आपल्या लोकांसाठी एक वेगळी सूचना. जुन्या फळ्यांचे वाफे करून त्यात मेथी-कोथिंबीर लावायचा मोह होतो. मलाही झाला होता. सीसीएच्या लाकडातलं आर्सेनिक मातीत उतरतं. त्या फळ्या भाजीच्या वाफ्यांना वापरू नका. आपल्या काउंटीत अशा लाकडाची विल्हेवाट कशी लावायची ते विचारून तसंच करा.

२. खाली जा आणि दाभण टोचा

पाऊस पडून गेल्यावर एक-दोन दिवसांनी जा. तेव्हा कुठलं लाकूड वाळलंय आणि कुठलं ओल धरून बसलंय ते नुसत्या रंगावरून कळतं. डेक बुटका असेल आणि खाली शिरता येत नसेल, तर वरच्या तीन फळ्या उचला: एक घराला लागून, एक मधली, एक बाहेरच्या बीमवरची. त्या तीन फटींतून बहुतेक सगळं दिसतं.

दाभण टोचायची रीत: लाकडाच्या रेषांना आडवं धरून हाताच्या जोराने दाबा. निरोगी लाकडात टोक जेमतेम रुततं आणि काढताना लांब, चिवट चोय निघते. कुजलेल्या लाकडात पाव-अर्धा इंच सहज आत जातं आणि तुकडा पोह्यासारखा चुरा होऊन पडतो. हातोडीने ठोकून बघा: चांगलं लाकूड टणक वाजतं, कुजलेलं बद्द. मीटर असेल तर २० टक्क्यांच्या वर सतत राहणारी ओल ही सावध व्हायची खूण. त्याखाली लाकूड सहसा कुजत नाही.

लेजर. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. डेक कोसळतात तेव्हा बरेचदा खांब मोडत नाहीत. लेजर घरापासून सुटतो. पाच गोष्टी बघा.

लेजर घराला कशाने धरला आहे? नुसत्या खिळ्यांनी धरला असेल तर पुढचं काही बघायच्या आधीच डेकचा वापर थांबवा. खिळा खालच्या दिशेचं वजन पेलतो, पण माणसं नाचली, कठड्याकडे गर्दी झाली, डेक बाहेरच्या बाजूला ओढला गेला की तो सरळ उपसून येतो. तिथे अर्ध्या इंचाचे बोल्ट, लॅग स्क्रू किंवा याच कामासाठी बनवलेले स्ट्रक्चरल स्क्रू हवेत, वर-खाली नागमोडी ओळीत. खालून बघितल्यावर त्यांची जाड, षट्कोनी डोकी दिसायला हवीत.

फ्लॅशिंग आहे का? नसेल तर प्रत्येक पावसाचं पाणी लेजर आणि घर यांच्या मधल्या फटीत गेलेलं आहे.

लेजरच्या मागचं घराचं लाकूड कसं आहे? बेसमेंटमधून त्या भिंतीच्या वरच्या कडेला टॉर्च मारा. इन्सुलेशन बाजूला करून तिथल्या आडव्या लाकडाला, रिम बोर्डला, आतून दाभण लावा. काळे ओघळ, बुरशी, मऊपणा दिसला तर प्रश्न डेकपुरता राहिलेला नाही.

लेजर विटांवर बसवला आहे का? इथल्या घरांची दर्शनी वीट बहुतेक वेळा नुसता मुलामा असते, भार घेणारी भिंत नसते. तिच्यावर लेजर टांगणं चुकीचं आहे आणि आजच्या नियमांत बसत नाही.

शेवटचं: लेजर आणि भिंत यांत फट पडली आहे का? पत्त्यांचा पत्ता आत जात असेल तर तो भाग हळूहळू सुटतो आहे.

आमच्याकडे काय निघालं ते सांगते. मी आणि नवरा टॉर्च घेऊन खाली शिरलो. लेजरवर एकही बोल्ट नाही. गंजलेल्या खिळ्यांच्या डोक्यांची रांग, आणि प्रत्येक डोक्याखाली काळा ओघळ, काजळ पसरावं तसा. फ्लॅशिंग नव्हतंच. स्क्रूड्रायव्हर लेजरच्या वरच्या कडेत मुठीपर्यंत गेला. त्याच डेकवर आदल्या महिन्यात गणपतीच्या आरतीनंतर चाळीसएक माणसं प्रसादाच्या प्लेट घेऊन उभी होती. फोटो काढायला सगळे कठड्याकडे सरकले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आकडे मांडले की ही भीती नेमकी कळते. इथल्या नियमांनुसार डेक दर चौरस फुटाला ४० पौंड भार पेलेल असा बांधायचा असतो. आमचा १९२ चौरस फुटांचा. म्हणजे ७६८० पौंड. दीडशे पौंडांची चाळीस माणसं म्हणजे ६००० पौंड. नीट बांधलेला डेक हे पेलतो. खिळ्यांवर लटकलेला, कुजक्या लेजरचा डेक पेलेल याची हमी कोणी देणार नाही. २०१५ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियात बर्कलीला एका अपार्टमेंटची लाकडी बाल्कनी वाढदिवसाच्या पार्टीत कोसळली आणि सहा तरुण मुलं गेली. इमारत दहा वर्षांचीही झालेली नव्हती. आत कोंडलेल्या पाण्याने तुळया कुजल्या होत्या, आणि वरून काहीच दिसत नव्हतं.

जॉईस्ट. कूज वरच्या कडेपासून सुरू होते, जिथे फळ्यांचे स्क्रू आत जातात आणि फटीतला पालापाचोळा साचून राहतो. खालून चांगला दिसणारा जॉईस्ट वरून पोकळ असू शकतो, म्हणून निदान काही फळ्या उचलून बघाच. दोन जॉईस्टमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. ते १६ इंच असायला हवं. काही जुन्या डेकवर २४ इंचही सापडतं. प्लास्टिक आणि लाकडाचा भुसा मिसळून केलेल्या काँपोझिट फळ्या २४ इंचांवर लवतात. त्या बसवायच्या असतील तर मध्ये जॉईस्ट वाढवावे लागतील. हँगर गंजून पापुद्रे सुटले आहेत का, त्यांच्या सगळ्या भोकांत खिळे आहेत का, तेही बघा. अर्धी भोकं रिकामी असणं फार सर्रास आढळतं.

खांब आणि पाया. खांबाचं बूड तपासा, विशेषतः तो मातीत किंवा काँक्रीटमध्ये गाडलेला असेल तर. जमिनीच्या पातळीला, ओल आणि हवा एकत्र भेटतात त्या चार बोटांत कूज सगळ्यात आधी धरते. माती जरा उकरून दाभण लावा. ओळंबा किंवा लेव्हल लावून खांब सरळ आहेत का बघा. एखादा कललेला किंवा वर उचललेला दिसला तर पाया उथळ आहे: हिवाळ्यात जमिनीतलं पाणी गोठून फुगतं आणि पायाला वर ढकलतं. आमच्या भागात त्यासाठी पाया साधारण तीन फूट खोल लागतो.

कठडा आणि पायऱ्या. डेकवर सुरक्षित जागी उभं राहून कठड्याच्या खांबाला हाताने जोर द्या. तो हलता कामा नये. जमिनीपासून ३० इंचांहून उंच डेकला कठडा सक्तीचा आहे, उंची निदान ३६ इंच, आणि गजांमधून ४ इंचांचा चेंडू जाता कामा नये. हे माप लहान मुलाच्या डोक्यावरून आलेलं आहे, त्यामुळे घरात रांगतं बाळ असेल तर ही तपासणी आजच करा. पायऱ्यांच्या बाजूच्या तिरक्या फळ्यांचं खालचं टोक मातीला टेकलेलं असतं. तेही टोचून बघा.

किडे: मातीच्या बारीक नळ्या म्हणजे वाळवी. अर्धा इंच व्यासाची, ड्रिलने पाडावीत तशी गोल भोकं म्हणजे भुंग्यासारख्या कार्पेंटर बी. पहिल्यासाठी लगेच माणूस बोलवा. दुसऱ्याचं नुकसान बहुतेक वेळा वरवरचं असतं.

३. घाबरू नये अशा गोष्टी

करडा रंग म्हणजे कूज नव्हे. ऊन लागून लाकडाचा वरचा पापुद्रा करडा पडतो. फळ्यांना आणि खांबांना उभ्या रेषेत पडलेल्या चिरा हे लाकूड वाळल्याचं लक्षण आहे, त्या पाहून कोणी "सगळं गेलं" म्हणत असेल तर त्याच्यासमोर दाभण टोचून दाखवा. हिरवं शेवाळ ब्रश आणि साबणाच्या पाण्याने निघतं. वर आलेले खिळे काढून तिथे स्क्रू बसवले की झालं. प्रेशर वॉशर मात्र जपून, जवळून जोराने मारला तर लाकडाचे तंतू उसवतात.

४. आता निर्णय

सांगाडा टणक, लेजर बोल्टने धरलेला आणि कोरडा, खांब सरळ, पाया पुरेसा खोल, खराबी फक्त फळ्यांत आणि कठड्यात: रिसरफेसिंग करा, बिनधास्त. माझ्या मावसबहिणीचा डेक असाच निघाला. वरून आमच्यापेक्षा वाईट दिसत होता, फळ्या वाकलेल्या, कपचे उडालेले. खाली सगळं खणखणीत. तिने फळ्या बदलल्या आणि निम्म्याहून जास्त पैसे वाचवले.

एक-दोन जॉईस्ट मऊ, बाकी चांगले: त्यांच्या शेजारी तेवढ्याच मापाचा नवा जॉईस्ट जोडून घेता येतो. इथले सुतार याला सिस्टरिंग म्हणतात. फ्लॅशिंग नसेल पण लेजर आणि रिम बोर्ड शाबूत असतील, तर फळ्या काढल्यावर फ्लॅशिंग आणि बोल्ट नव्याने घालता येतात. हेही रिसरफेसिंगमध्येच बसतं, फक्त कोटेशनमध्ये आधीपासून लिहून घ्या.

लेजर कुजलेला, तीन-चारपेक्षा जास्त जॉईस्ट गेलेले, खांब बुडाशी मऊ, पाया हललेला, यांतल्या दोन गोष्टी जरी एकत्र असल्या: सगळं बदला. एखादीच गोष्ट असेल तर दुरुस्ती होते. दोन एकत्र आल्या की दुरुस्तीचा खर्च नव्याच्या जवळ जातो आणि हातात राहतो तो जुनाच डेक. यात डेक २००४ पूर्वीचा असेल तर माझं पारडं सरळ नव्याकडे झुकतं.

मधली परिस्थिती अवघड असते, आणि तिथे एक चूक फार लोक करतात: जुन्या सांगाड्यावर महाग काँपोझिट. ट्रेक्स, टिंबरटेक वगैरे कंपन्यांच्या फळ्यांवर पंचवीस वर्षं किंवा त्याहून जास्त वॉरंटी असते. खालचं लाकूड आधीच वीस वर्षं उन्हापावसात काढून बसलेलं. सांगाडा सात-आठ वर्षांत गेला तर त्या फळ्या उचकटाव्या लागतात आणि मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते. म्हणून सांगाडा "चालेल" अशा अवस्थेत असेल तर वर साध्या ट्रीटेड (रसायन भरलेल्या) पाइनच्या फळ्या टाका आणि सात-आठ वर्षांनी पूर्ण नवा करायचा बेत ठेवा. काँपोझिट नव्या किंवा खरोखर दणकट सांगाड्यावरच. काँपोझिट दुपारच्या उन्हात खूप तापतो हेही ध्यानात घ्या. आपल्या घरी सगळे अनवाणी बाहेर येतात.

पैशाचा हिशोब असा मांडा. समजा फळ्या बदलायला ९००० डॉलर आणि सांगाड्याचं उरलेलं आयुष्य सहा वर्षं, तर वर्षाला १५००. नव्याला २०००० आणि तो पंचवीस वर्षं टिकणार, तर वर्षाला ८००. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमच्या कोटेशनचे घाला. उरलेल्या आयुष्याचा अंदाज मात्र विकायला आलेल्या माणसाकडून घेऊ नका. होम इन्स्पेक्टरला किंवा स्ट्रक्चरल इंजिनियरला फी देऊन बोलवा. त्याला पुढचं काम मिळणार नसतं, म्हणून तो सरळ सांगतो. आमचा निर्णय अशाच एका तासाच्या भेटीत पक्का झाला: पूर्ण नवा डेक, आणि लेजरमागचा आठ फूट रिम बोर्डही बदलायचा.

घराला लेजर लावणं शक्यच नसेल, वीट आहे किंवा घराचा तो भाग पायाच्या पुढे अधांतरी आलेला आहे, तर घराच्या बाजूलाही खांब आणि बीम घालून स्वतःच्या पायांवर उभा राहणारा डेक करता येतो. पाया जास्त लागतात, पण घराच्या भिंतीला हात लागत नाही.

५. परमिट

नव्या डेकला परमिट लागतंच. नुसत्या फळ्या बदलायला लागतं की नाही, हे टाउनशिपच्या बांधकाम खात्यात फोन करून विचारा, आणि उत्तर ईमेलवर घ्या. कठडा, पायऱ्या किंवा जॉईस्टला हात लागणार असेल तर तेही सांगा, उत्तर बदलू शकतं. अर्जासोबत सर्व्हेवर डेक काढून दाखवावा लागतो; शेजारच्या हद्दीपासूनचं अंतर आणि प्लॉटचा किती भाग झाकला जातो हे झोनिंगवाले बघतात. जुन्याच मापाचा डेक असला तरी नियम आजचे लागतात. एचओए असेल तर त्यांची मंजुरी आधी, कारण रंगापासून कठड्याच्या नमुन्यापर्यंत त्यांची मतं असतात.

खणण्याआधी ८११ ला फोन करायचा. फुकट आहे. गॅस, वीज, केबलच्या लाइन कुठून जातात त्यावर ते खुणा करून जातात. निदान तीन कामाचे दिवस आधी कळवा.

तपासणीचे टप्पे साधारण तीन: खड्डे खणल्यावर आणि काँक्रीट ओतायच्या आधी, सांगाडा झाल्यावर, आणि शेवटी. काँक्रीट ओतून झाल्यावर इन्स्पेक्टर आला तर तो खोली बघू शकत नाही आणि पुन्हा खणायला लावू शकतो. हे आमच्या ओळखीत घडलं आहे.

६. कॉन्ट्रॅक्टर

निदान तिघांकडून कोटेशन घ्या. जो डेकखाली न जाता आकडा देतो, त्याला यादीतून काढा. मी हा एकच नियम आधी पाळला असता तर दोन महिने वाचले असते. वसंतात सगळे गर्दीत असतात, जानेवारी-फेब्रुवारीत बोलावलं तर वेळ देतात.

न्यू जर्सीत घरदुरुस्तीचं काम करणाऱ्याची राज्याच्या ग्राहक खात्याकडे नोंदणी असावी लागते. नोंदणीचा क्रमांक 'तेरा व्ही एच'ने (13VH) सुरू होतो आणि तो ऑनलाइन तपासता येतो. ५०० डॉलरच्या वरच्या कामाचा करार लेखी हवा, आणि त्याची प्रत हातात आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तो रद्द करायचा हक्क तुम्हाला आहे. विम्याचं प्रमाणपत्र त्याच्याकडून नव्हे, विमा कंपनीकडून थेट मागवा.

करारात ही वाक्यं आहेत का बघा: परमिट कॉन्ट्रॅक्टर काढेल, जुनं लाकूड तोच नेईल, फ्लॅशिंग, बोल्ट आणि हँगर कोणत्या प्रतीचे, आणि कुजलेला जॉईस्ट निघाला तर प्रत्येकी किती डॉलर. हा शेवटचा दर रिसरफेसिंगमध्ये सगळ्यात महत्त्वाचा. तो आधी ठरला नाही तर फळ्या उघडलेल्या, अंगणात ढीग पडलेला आणि समोरचा सांगेल तो आकडा मान्य करण्यावाचून गत नाही. "परमिट तुमच्या नावावर तुम्हीच काढा, स्वस्त पडेल" असं कोणी सुचवलं तर नको म्हणा, सगळी जबाबदारी तुमच्या अंगावर येते. आगाऊ रक्कम एक-तृतीयांशाच्या वर देऊ नका आणि शेवटचा हप्ता अंतिम तपासणी पास झाल्यावरच.

खिळे-स्क्रू हा विषय कंटाळवाणा वाटतो, पण २००४ नंतरच्या लाकडातल्या तांब्याने साधं लोखंड भराभर गंजतं. हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा जाड थर दिलेलं) किंवा स्टेनलेस स्टील, हे शब्द करारात हवेत. ॲल्युमिनियमची फ्लॅशिंग या लाकडाला थेट टेकवू नये, तीही खाल्ली जाते.

७. फळ्या उघडल्या त्या दिवशी घरी राहा

रिसरफेसिंग करत असाल तर हा दिवस सुट्टी काढण्यासारखा आहे. सांगाडा उघडा पडतो तो इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. दाभण घेऊन प्रत्येक जॉईस्टच्या वरच्या कडेवरून जा, फोटो काढा. इथे निर्णय बदलावा लागला तर बदला; कॉन्ट्रॅक्टरला हे आधीच सांगून ठेवलेलं असावं. सगळं ठीक असेल तर नव्या फळ्या टाकायच्या आत जॉईस्टच्या डोक्यावर ब्यूटाइल रबराची चिकट पट्टी लावून घ्या. खर्च थोडा, पण स्क्रूच्या भोकांतून पाणी उतरत नाही.

नवा डेक असेल तर फ्लॅशिंग झाकली जायच्या आधी आणि बोल्ट बसल्यावर फोटो घ्या. घर विकताना ते उपयोगी पडतात. अंतिम तपासणीनंतर टाउनशिपकडून मिळणारं प्रमाणपत्र सर्व्हेच्याच फायलीत ठेवा. आमच्या जुन्या मालकांनी ते घेतलंच नव्हतं, आणि तो अर्धवट राहिलेला परमिट बंद करायला आम्हाला वेगळ्या चकरा माराव्या लागल्या.

निर्णय होऊन काम सुरू व्हायला सहज तीन-चार महिने जातात. तेवढ्या काळात लेजरबद्दल शंका असेल तर मागचं दार बंद ठेवा, पायऱ्यांना दोरी बांधा, आणि घरी येणाऱ्या पाहुण्यांना स्पष्ट सांगा. आम्ही त्या वर्षीचं हळदीकुंकू आणि मुलीचा वाढदिवस दोन्ही बेसमेंटमध्ये केले.

नवा डेक झाल्यावर दर शरदात फटींतली ओकची पानं सपाट पट्टीने उकरून काढतो, वसंतात एकदा खाली टॉर्च मारतो. कुंड्यांखाली इंचभर उंचीचे पाय लावले आहेत, म्हणजे खालून वारा जातो. तुळस मे महिन्यात बाहेर येते ती आता डेकवर ठेवत नाही. पायऱ्यांच्या बाजूला चार विटांचा चौथरा केला आहे, तिथे असते.